मदत हवी आहे: श्वेत बटूची रेडिओ स्पंदनं मुलांना कशी समजावू?

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवतो. परवा नववीच्या वर्गात सायकल उलटी ठेवली, चाकाला टॉर्च बांधला आणि चाक फिरवलं. भिंतीवर उजेड येतो-जातो, तसंच एआर स्कॉर्पिआय या जोडताऱ्याचं, म्हटलं. तिथला श्वेत बटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा) सुमारे २ मिनिटांत स्वतःभोवती गिरकी घेतो, त्याच्या चुंबकीय क्षेत्राचा तडाखा सोबतच्या लाल बटूला (छोट्या, मंद लाल ताऱ्याला) बसतो आणि त्याच ठेक्यात प्रकाशापासून रेडिओपर्यंत सगळं लुकलुकतं. मुलांना पटलं.

मग आयएलटी जे११०१+५५२१ या दुसऱ्या जोडताऱ्याचा विषय काढला. इथंही श्वेत बटू आणि लाल बटूच. पण रेडिओ स्पंदन येतं १२५.५ मिनिटांनी, आणि दोघांची एकमेकांभोवतीची फेरीही तेवढ्याच वेळाची. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, मग इथं टॉर्च कुठं बांधायचा?"

मला उत्तर देता आलं नाही. दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांत गुंततात आणि त्यातून रेडिओ लहरी निघत असाव्यात, एवढं समजलंय. पण त्या नेमक्या कुठून निघतात, श्वेत बटूजवळून की लाल बटूजवळून? आणि एवढ्या मोठ्या फेरीत स्पंदन मिनिटभरच का दिसतं?

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर काम केलेलं कुणी इथं असेल तर कृपया सोप्या मराठीत लिहा. हाताने काढलेली आकृती मिळाली तर फारच बरं. बेळगाव, निपाणी, कुठंही असाल तरी रविवारी मी येऊन भेटेन. पोरगी रोज विचारते आहे.