मदत हवी आहे : फ्रीजमधल्या ओकच्या बियांना मूळ फुटलंय, आता काय करू?

पोपटी
घाईत लिहितेय. ऑक्टोबरच्या मध्यावर वेचलेली एकॉर्न (ओकच्या बिया) ओलसर पीट मॉसमध्ये (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळात) घालून फ्रीजमध्ये ठेवली होती. आज पिशवी उघडली तर निम्म्यांना मूळ फुटलंय, काहींची मुळं बोटभर लांब होऊन एकमेकांत गुंतलीत. बाकीची ढिम्म. चार-पाचांवर हिरवट बुरशी. बाहेर जमीन दगडासारखी गोठलीय. फुटलेली आत्ता कुंडीत लावू की थांबू? न फुटलेली मेली का? "गूगल करा" सांगू नका, तिथे जो तो वेगळंच सांगतो.

रानवेल
कुठला ओक? राज्य कुठलं? फ्रीजचं तापमान किती? पिशवी झिपची घट्ट बंद होती का? ओकच्या चारशेहून जास्त जाती आहेत, नुसतं "ओक" म्हणून भागत नाही.

चहा_कमी_साखर
बुरशीला हळद लावा. चिमूटभर हळद पीट मॉसमध्ये मिसळली की प्रश्न मिटला.

पोपटी
न्यू जर्सी. जात माहीत नाही, दोन-तीन झाडांखालची एकत्रच वेचली. फ्रीज 38 फॅरनहाइट. पिशवी झिपची, बंद. हे सगळं सांगायची गरज होती का?

रानवेल
होती, कारण गोम इथेच आहे. पिशवीत दोन गट मिसळलेत. व्हाइट ओकच्या गटातली एकॉर्न झाडावरून पडली की त्याच शरद ऋतूत मूळ काढतात, त्यांना आधी थंडी लागत नाही. रेड ओकच्या गटाला मात्र ओलाव्यात साधारण 60 ते 90 दिवस थंडी मिळाल्याशिवाय जाग येत नाही. म्हणजे फुटलेली बहुधा व्हाइट आणि ढिम्म ती रेड. तुमची मुदत आता भरत आलीय, तीही लवकरच फुटतील.
खात्री करायची तर एक न फुटलेलं कापा. कवचाच्या आतल्या बाजूला मखमली लव असेल तर रेड, गुळगुळीत असेल तर व्हाइट. आतला गर फिकट पिवळसर आणि टणक असेल तर बी जिवंत. तपकिरी, भुसभुशीत किंवा आंबूस वासाचा असेल तर कंपोस्टमध्ये टाका.

शेवगा_7
पाण्यात टाकून बघा, तरंगलं ते फेकून द्या. इतकं कापाकापी कशाला?

रानवेल
ती चाचणी वेचल्या दिवशी करायची, टोप्या काढून. बी थोडं सुकलेलं असेल तर चांगलंही तरंगतं, म्हणून रात्रभर भिजवून मग निवाडा करायचा. मूळ फुटलेल्यांना आता ती चाचणी लावण्यात अर्थ नाही.

गराजवाला
किडीचं कोणीच बोललं नाही! एकॉर्नवर पेन्सिलच्या शिशाएवढं गोल भोक दिसतंय का? ती सोंड्याची (लांब सोंडेच्या किड्याची) अळी बाहेर पडल्याची खूण. 49 सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, आतल्या अळ्या मरतात.

रानवेल
@गराजवाला, मूळ फुटलेलं एकॉर्न 49 अंशांत घातलंत तर अळीआधी मूळ शिजेल. हा उपाय वेचल्याबरोबर करायचा, तोही थर्मामीटर हातात धरून. चार-पाच अंश वर गेलं की गर्भही मरतो.

पोपटी
भोकं नाहीत. कापून पाहिलं, लव आहे, गर पिवळसर. मग फुटलेल्यांचं काय करायचं ते सांगा ना कोणीतरी!

नर्सरी_नोंदी
आत्ताच कुंडीत लावा. मूळ पिशवीत वाढू दिलं की ते वळतं, आणि सोडवताना तुटतं. गुंतलेली एकॉर्न पीट मॉससकट कोमट पाण्याच्या टबात ठेवा, ओढू नका, पाण्यातच हलवून सुटी करा.
कुंडी रुंद नको, खोल हवी: किमान 25 ते 30 सेंटिमीटर. सोटमूळ पानं यायच्या आधीच खाली धावतं आणि तळाला आपटलं की गोल गोल फिरत बसतं. असं झाड पुढे जमिनीत गेलं तरी त्याचा गुंता सुटत नाही. तळ जाळीचा ठेवून कुंडी विटांवर उचलून धरा. मुळाचं टोक हवेला लागलं की तिथेच थांबतं आणि वरून फाटे फुटतात.
तीन भाग पॉटिंग मिक्स (कुंडीची तयार माती), एक भाग परलाइट (निचऱ्यासाठीचे हलके पांढरे खडे). पेन्सिलने सरळ भोक पाडा, मूळ खाली सोडा, एकॉर्न आडवं झोपवा, वर दीड-दोन सेंटिमीटर माती. खत नको, पहिली पानं एकॉर्नच्याच शिदोरीवर येतात.

गराजवाला
मुळाचं टोक नखाने खुडा, मगच लावा. एकाऐवजी तीन-चार मुळं फुटतात, पुढे जागा बदलायला सोपं.

नर्सरी_नोंदी
फाटे फुटतात हे खरं, काही रोपवाटिका करतातही. पण जाळीचा तळ तेच काम फुकट करतो. आधीच तुटलेली मुळं असतील तर फेकू नका, तीही लागतात.

शेवगा_7
लावून दक्षिणेच्या खिडकीत ठेवा, दोन आठवड्यांत पानं.

रानवेल
नका ठेवू. व्हाइट ओकचं मूळ आधी येतं, पण कोंबाला वर यायला अजून थंडी लागते. आणि रेडला जानेवारीच्या उजेडात कोंब आलाच तर तो काडीसारखा लांबट होऊन आडवा पडतो. कुंड्या न तापवलेल्या गराजमध्ये ठेवा, 1 ते 5 सेल्सिअस. त्याखाली जाईल तेव्हा जुन्या रजयांनी गुंडाळा, कारण कुंडीला थंडी चहूबाजूंनी लागते. माती ओलसर ठेवा, चिखल नको. एप्रिलअखेर हिम पडायचं थांबलं की बाहेर.
न फुटलेली फ्रीजमध्येच राहू द्या, पण पिशवीचं तोंड थोडं उघडं ठेवा. बी श्वास घेतं, हवाबंद ठेवलं तर गुदमरून आंबतं. पीट मॉस मुठीत पिळल्यावर पाणी टपकता कामा नये. पिशवी मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे गोठते, आणि गोठलेलं किंवा पूर्ण सुकलेलं एकॉर्न परत येत नाही. हिरवी बुरशी कवचापुरती असेल तर धुऊन टाका. हळदीने मेलेलं बी उठत नाही.

चहा_कमी_साखर
हळदीला नावं ठेवू नका. अवांतर: बाळगुटीतलं मायफळ ओकचंच ना? ते पेरलं तर?

नर्सरी_नोंदी
ओकचंच, पण ते फळ नाही. एक बारीक गांधीलमाशी कोवळ्या फांदीत अंडं घालते, त्याभोवती झाड ती गाठ बनवतं. पेरून काही उगवणार नाही. आणि इथल्या ओकवरच्या गाठी बाळाला उगाळून द्यायला जाऊ नका.

ठाणे_ते_ट्रेंटन
मला वाटतं घराजवळ ओक लावूच नये. पाया, गटार, छत... आणि पुण्याला नेता येईल का दोन-चार?

रानवेल
घरापासून आठ-नऊ मीटर लांब लावा, खणायच्या आधी 811 ला (जमिनीखालच्या तारा-नळ्यांच्या खुणा करून देणाऱ्या सेवेला) फोन करा, बस. पुण्याला नाही. भारतात बी न्यायला आयात परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, शिवाय तिथे या जातींना हवी तशी थंडी कुठून आणणार?

पोपटी
लावतेय. दुधाचे अर्ध्या गॅलनचे कागदी कार्टन चालतील का? आणि खारींचं काय करू?

नर्सरी_नोंदी
कार्टन चालेल, उंची जेमतेम आहे म्हणून तळ पूर्ण कापून जाळी लावा. बाहेर काढाल तेव्हा वरून अर्ध्या इंचाचं हार्डवेअर क्लॉथ (तारेची जाळी), कडा खाली दाबून. प्लॅस्टिकची जाळी खारी कुरतडतात. रोप वर आलं तरी खाली एकॉर्न शिल्लक असतं आणि त्यासाठी त्या अख्खं रोप उपटतात, म्हणून जुलैपर्यंत जाळी काढू नका.

गराजवाला
आणि जमिनीत गेल्यावर हरणं. पाच फुटी नळी लागेल. पण तो वेगळा धागा.