नर्सिंगचं पहिलं वर्ष: पिशवीत काय असावं? अनुभव लिहा

नर्सिंगला नव्याने प्रवेश घेतलेल्या मुलामुलींचा एक प्रश्न ठरलेला असतो: वॉर्डात पाऊल टाकण्याआधी काय काय विकत घ्यायचं? दुकानात तयार 'स्टुडंट किट' समोर ठेवतात. स्टेथोस्कोप, बीपी अ‍ॅपरेटस, थर्मामीटर, टॉर्च, कात्री, रिफ्लेक्स तपासायचा हॅमर, सगळं एकाच पेटीत. त्यातलं बरंचसं पुढे कपाटात पडून राहतं. माझं मत आधीच सांगते. पहिल्या वर्षी वस्तू मोजक्याच घ्याव्यात, पण ज्या रोज हातात राहणार आहेत त्या स्वतः हाताळून, पारखून घ्याव्यात. कॉलेजची यादी हातात येईपर्यंत तर थांबाच.

तुम्ही शिकत असाल, शिकवत असाल किंवा वॉर्डात काम करत असाल, तर स्वतः वापरलेल्या वस्तूबद्दल लिहा. कशी निवडली, कशासाठी लागली, आणि अजून वापरात आहे का? सुरुवात मी करते, पुढे इतरांचे अनुभवही आहेत.

स्टेथोबद्दल (मेडिकल वॉर्डातली स्टाफ नर्स)

नर्सला स्टेथो लागतो तो बीपीसाठी, श्वासाचे आणि आतड्यांचे आवाज ऐकण्यासाठी आणि एपिकल पल्स, म्हणजे छातीवर हृदयाच्या टोकाशी ऐकू येणारे ठोके, मोजण्यासाठी. यातल्या कशालाही हृदयरोगतज्ज्ञ वापरतात तसला जड स्टेथो लागत नाही. तो दिवसभर मानेवर वागवून मान मात्र भरून येते. मी स्टेथो घेताना आधी कानांचं बघितलं. कानाची नळी आत जाताना किंचित पुढे झुकलेली असते, म्हणून इअर टिप्सची टोकं नाकाच्या दिशेला वळवूनच घालायची. उलटी घातली तर चांगल्यातल्या चांगल्या स्टेथोतूनही आवाज क्षीण येतो. नीट बसल्या की आजूबाजूची बडबड एकदम दबते. तसं झालं नाही तर टिप्सचं माप बदलून बघा. मऊ आणि बदलता येणाऱ्या टिप्स हव्यात. कडक टिप्सनी तासाभरात कान ठणकायला लागतात.

मग डायफ्रॅमवर, म्हणजे पेशंटच्या अंगावर टेकवायच्या चपट्या पडद्यावर, बोटाने हलकी टिचकी मारा. दोन्ही कानांत सारखी ऐकू आली पाहिजे. एका बाजूला कमी येत असेल तर टिप अर्धवट बसली आहे किंवा जोडात कुठेतरी फट आहे. चेस्टपीस, म्हणजे छातीवर टेकवायचा भाग, दोन बाजूंचा असेल तर कोणती बाजू चालू आहे तेही याच टिचकीने कळतं. चपटी मोठी बाजू, म्हणजे डायफ्रॅम, वरच्या पट्टीतल्या आवाजांसाठी. बेल, म्हणजे वाटीसारखी छोटी बाजू, खालच्या पट्टीतल्या आवाजांसाठी, आणि ती त्वचेवर अलगद टेकवायची असते. हल्ली काही स्टेथोंना एकच डायफ्रॅम असतो. हलका टेकवला की खालचे आवाज येतात, दाबला की वरचे. शिकताना दोन्ही बाजू वेगळ्या असलेला बरा वाटतो, असं माझं मत. काय ऐकण्यासाठी काय वापरतोय हे डोक्यात पक्कं होतं.

घड्याळ (दुसऱ्या वर्षातली विद्यार्थिनी)

माझ्या पिशवीतली सगळ्यांत जास्त वापरली जाणारी वस्तू स्टेथो नाही, घड्याळ आहे! छातीला अडकवायचं फॉब वॉच घेतलं, कारण मनगट मोकळं असेल तरच हात कोपरापर्यंत नीट धुता येतात. ते उलटं लटकतं, पण मान खाली घातली की आपल्याला सरळ दिसतं. सेकंदकाटा वेगळ्या, ठळक रंगाचा हवा. नाडी अनियमित लागली की पूर्ण ६० सेकंद मोजावी लागते. एका हाताची बोटं मनगटावर, नजर काट्यावर. नाडी मोजून झाली तरी मी बोटं तिथेच ठेवते आणि पुढचा मिनिटभर छातीची हालचाल बघून श्वास मोजते. श्वास मोजतायत हे पेशंटला कळलं की त्याची लय आपोआप बदलते.

सलाइनचे थेंबही याच काट्यावर. ५०० मिली ४ तासांत द्यायचं आणि सेट (सलाइन थेंबाथेंबाने सोडणारी नळी) मिलीला २० थेंबांचा असेल, तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. सेट किती थेंबांचा आहे ते वेष्टनावर छापलेलं असतं. ते न वाचता मोजायला लागू नका, मायक्रो सेटचा हिशोब ६० थेंबांचा असतो. घड्याळावर २४ तासांचे आकडे असले तर चार्ट लिहिताना सोपं जातं.

बीपी अ‍ॅपरेटस (स्किल लॅबमध्ये शिकवतो)

स्वतःचं अ‍ॅपरेटस पहिल्या वर्षी असलंच पाहिजे असं नाही, लॅबमध्ये असतं. पण घरच्यांच्या दंडावर सराव केलेली मुलं वॉर्डात लगेच ओळखू येतात, म्हणून ज्यांना जमेल त्यांनी जरूर घ्यावं. घ्यायचं तर डायलचं, अ‍ॅनेरॉइड. डिजिटल यंत्र आकडा देतं, कान तयार करत नाही. १९०५ साली रशियन डॉक्टर कोरोटकॉफ यांनी ज्या आवाजांचं वर्णन केलं तेच आपल्याला आजही ऐकायचे असतात. पहिला ठोका आणि आवाज पूर्ण थांबण्याचा क्षण पकडायला सराव लागतो.

दुकानात कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) मोकळा असताना काटा शून्यावर आहे का ते बघा. मग कफ गुंडाळून हवा भरा, २०० पर्यंत न्या आणि व्हॉल्व्ह बंद ठेवून थांबा. काटा आपोआप खाली सरकायला लागला तर हवा गळतेय. शेवटी व्हॉल्व्ह हळूहळू उघडून बघा. सेकंदाला २ ते ३ मिमी या वेगाने काटा उतरवता आला पाहिजे. काही व्हॉल्व्ह इतके अडकतात की काटा एकदम धाडकन पडतो. त्यावर शिकणाऱ्याचा हात बसत नाही.

आता कफचं माप. याबद्दल मी वर्गात सारखा बोलतो. आतल्या फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के हवी. म्हणजे दंड ३० सेंमीचा असेल तर फुगा साधारण २४ बाय १२. जाड दंडाला छोटा कफ बांधला की बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, आणि त्या आकड्यावर एखाद्याला विनाकारण गोळी सुरू होऊ शकते. कफवर दोन रेषांची रेंज छापलेली असते. बांधल्यावर कफची कड त्या दोन रेषांमध्ये आली तर माप बरोबर. किटमधला एकच कफ सगळ्यांना चालतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

कानाला मशीन लावणाऱ्यांसाठी (शेवटच्या वर्षातली विद्यार्थिनी)

मला लहानपणापासून कमी ऐकू येतं, दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत. साध्या स्टेथोसाठी दर वेळी यंत्रं काढायची, मग पेशंट काय बोलतोय ते ऐकायला पुन्हा घालायची, हे जमण्यासारखं नव्हतं. मी इलेक्ट्रॉनिक स्टेथो घेतला. तो आवाज वाढवून देतो, आणि काही मॉडेल्सना कानावरून बसणारे हेडफोन जोडता येतात किंवा आवाज थेट श्रवणयंत्रात घेता येतो. विकत घेण्याआधी ऑडिओलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) दोन्ही वस्तू एकत्र दाखवा. हृदयाचे आवाज खालच्या पट्टीतले असतात आणि बरीच श्रवणयंत्रं बोलण्यासाठी जुळवलेली असतात, त्यामुळे सेटिंग बदलून घ्यावं लागतं. आणि कॉलेजला पहिल्याच आठवड्यात सांगा. मी सांगितलं, म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेत माझा स्टेथो मला वापरता आला. ऐकू कमी येतं म्हणून कुणी नर्सिंगचा विचार सोडत असेल तर सोडू नका.

टॉर्च

डोळ्यांच्या बाहुल्या तपासायला. झगझगीत पांढऱ्या एलईडीचा नको, पेशंट डोळे घट्ट मिटून घेतो. मंद पिवळसर उजेडाचा, बाजूला बाहुलीची मिमीची मापं छापलेला पेनटॉर्च घ्या. उजेड समोरून नाही, कडेने आत आणायचा. फोनचा टॉर्च यासाठी कधीच वापरू नका.

कात्री (डावखुरी, सर्जिकल वॉर्ड)

बँडेज कापायची कात्री वाकडी असते आणि तिच्या खालच्या पात्याचं टोक बोथट, चपटं असतं. ते पट्टी आणि कातडीच्या मधून सरकतं, टोचत नाही. डावखुऱ्यांनी डाव्या हाताचीच मागून घ्या. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून लांब ढकलली जातात आणि गॉज कापला न जाता मध्येच दुमडतो. खिशातली कात्री फक्त वरच्या पट्टीसाठी. जखमेचं ड्रेसिंग निर्जंतुक ट्रेमधल्या साधनांनीच. आणि आयव्हीच्या, म्हणजे शिरेतल्या सलाइनच्या, नळीजवळची चिकटपट्टी कात्रीने कापायची नाही, सोलून काढायची.

थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर

घरात जुना पाऱ्याचा थर्मामीटर असला तरी तो वॉर्डात आणू नका. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारात (२०१३) असे थर्मामीटर आणि बीपी यंत्रं २०२० पर्यंत बनवणं, आयात-निर्यात करणं थांबवायचं ठरलं. डिजिटल पुरतो. काखेतलं तापमान तोंडातल्यापेक्षा कमी येतं, म्हणून आकड्यासोबत जागाही लिहा. रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा ऑक्सिमीटर मी विकत घेतलाच नाही, वॉर्डात असतो. बोटं गार असली किंवा नखांना रंग असला तर आकडा फसवतो, गडद त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्तही दिसू शकतो. त्यावरची नाडी आणि हाताने मोजलेली नाडी जुळते का, एवढं आधी बघायची सवय लावा.

स्वच्छता (संसर्ग नियंत्रण विभागात काम करते)

काहीही निवडताना 'हे मी दोन पेशंटच्या मध्ये पुसू शकेन का?' हा प्रश्न स्वतःला विचारा. स्टेथोवर कापडी कव्हर, लोकरीचे गोंडे, चित्रांचे पट्टे नकोत. ते पुसता येत नाहीत. डायफ्रॅम आणि नळी ७० टक्के अल्कोहोलच्या वाइपने पुसा, द्रवात बुडवू नका. नळी उघड्या मानेला सतत लागत राहिली की त्वचेच्या तेलाने कडक होते, म्हणून कॉलरवरून घाला.

सीनियरचा जुना स्टेथो मिळतोय, घेऊ का? असं एका मुलीने मला विचारलं होतं

मी तिला म्हटलं, जरूर घे, पण आधी नळी वाकवून बघ. वाकवल्यावर भेगा दिसल्या किंवा ती ताठ लागली तर नको. डायफ्रॅमला चीर नसावी, त्याच्या कडेची रिम घट्ट बसलेली असावी. इअर टिप्स नव्याच लाव. नवा डायफ्रॅम आणि टिप्स त्या मॉडेलसाठी अजून मिळतात का हे दुकानात विचारून मगच हो म्हण.