किलोमीटर लावता की मैल? नाशिकच्या सायकलवाल्यांसाठी अनुभव धागा

रविवारी सकाळी गंगापूर रोडला जेवढ्या सायकली दिसतात, त्यातल्या निम्म्यांच्या हँडलवर आता काहीतरी मोजणारं यंत्र असतं. बहुतेकांचं किलोमीटरवर. त्यात विचारण्यासारखं काय आहे, असं वाटेल. पण त्याच सायकलचं चाक इंचात, हवा पीएसआयमध्ये (दर चौरस इंचाला किती पौंड दाब), चालवणाऱ्याची उंची फुटांत. घाटाची उंची कुणी मीटरमध्ये सांगतो, कुणी फुटांत. मध्यंतरी आमच्या ग्रुपातल्या एकाने ॲप मैलांवर टाकलं आणि मिसळ गार होईपर्यंत वाद चालला. त्याचं म्हणणं, सायकलवाल्याची खरी सेंच्युरी शंभर मैलांचीच, तुमचे शंभर किलोमीटर म्हणजे जेमतेम बासष्ट मैल.

मला त्यातला वेगळाच प्रश्न पडला. आकडा बदलला की माणूस सायकल वेगळी चालवतो का? मी ९७ किलोमीटरवर घरी पोचलो तर फाटकातून परत वळतो आणि कॉलनीत गोल गोल फिरून शंभर पुरे करतो. शेजारी हसतात. मैल लावले असते तर तिथेच साठ दिसले असते आणि मी मुकाट आंघोळीला गेलो असतो.

तुमचं काय? स्वतःचा अनुभव लिहा, कुठून उचललेलं ज्ञान नको. मैलवाल्यांनीही लाजू नये.

ओझरचा जुना

इथे मैलांच्या रस्त्यावर सायकल शिकलेला बहुधा मी एकटाच निघेन. माझं गाव पिंपळगाव. लहानपणी आग्रा रोडला दगड मैलांचे आणि मैलाच्या पोटात आठ फर्लांग. मेट्रिकचा कायदा १९५६चा, पुढच्याच वर्षी नये पैसे आले, आणि मग हळूहळू दगडही बदलले. वडिलांनी काही ते मनावर घेतलं नाही. त्यांच्यासाठी नाशिक अठरा-एकोणीस मैलांवरच राहिलं.

पुढे मी ओझरला एचएएलमध्ये लागलो. हा कारखाना १९६४मध्ये मिग विमानांसाठी निघाला. मिगची ड्रॉइंगं रशियन, त्यामुळे सगळं मिलिमीटरमध्ये. दिवसभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी झटापट करायची आणि सुटी झाली की स्टँडवरून जी सायकल काढायची ती नखशिखान्त इंची. चाक अठ्ठावीस इंच, चेनची पिन ते पिन अर्धा इंच, पेडलचा आटा नऊ सोळांश इंच.

आता नातवाने कार्बनची सायकल घेतली. किंमत ऐकून मी खुर्चीत बसलो. मग व्हर्निअर काढून तिची चेन मोजली, तर तोच अर्धा इंच! पेडलचा आटाही तोच. त्याच्या मोबाइलमध्ये मात्र किलोमीटर. म्हणजे बदलला तो रस्ता, सायकल होती तशीच आहे.

दोनशेवाली

ओझरकाका, व्हर्निअरला दंडवत!

माझा मैलांशी संबंध येऊच शकत नाही, कारण मी ब्रेवे करते, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड. हा प्रकार मूळचा फ्रान्सचा, त्यामुळे टप्पे किलोमीटरमध्ये: २००, ३००, ४००, ६००. दोनशेला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. ढोबळ हिशेब ताशी पंधराचा. रात्री दोनला राहूड घाटात समोरून ट्रकचे दिवे येत असतात आणि डोकं बंद पडलेलं असतं, तेव्हासुद्धा पंधराचा पाढा येतो. ताशी ९.३ मैलांचा पाढा कुणाला येतो का?

धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर: हो, आकड्याने चालवणं बदलतं. म्हणून मी एकूण अंतर स्क्रीनवर ठेवतच नाही. पुढचा कंट्रोल (वाटेतला हजेरीचा थांबा) किती लांब आणि घड्याळ, एवढंच. एकूण अंतर दिसत राहिलं की पाय सोडून डोकंच दमतं. दिवसा तर स्क्रीनकडेही बघत नाही. किलोमीटरच्या दोन दगडांच्या मध्ये २, ४, ६, ८ लिहिलेले बुटके दगड असतात ना, दर दोनशे मीटरला एक, चढावर मी तेच मोजत जाते. सध्याच्या चौपदरीवर ते सगळीकडे सापडत नाहीत, हे दुःख वेगळं.

सातपूर शिफ्ट

सिडको ते सातपूर एमआयडीसी, रोज. मीटर नाही, ॲप नाही. पंचवीस मिनिटं, पाऊस असेल तर पस्तीस, त्र्यंबक रोडला जत्रेची गर्दी असेल तर देव जाणे. पंचिंगच्या मशीनला किलोमीटर कळत नाहीत.

जर्सीतला नाशिककर

मैलवाला हजर आहे. लाजत नाही.

कॉलेजपर्यंत नाशिकरोडला वाढलो, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत. इथे रस्त्यावरची पाटी मैलांत, गाडीचा काटा मैलांत, सोबतचे सायकलवाले मैलांत. एकट्याने किलोमीटर लावून बसलो तर ‘आता पाचावर डावीकडे’ म्हणणाऱ्याशी भांडणच होईल. सुरुवातीला मनात गुणाकार करायचो, मग एक सोपी युक्ती सापडली. १, २, ३, ५, ८, १३, २१ ही आधीच्या दोनांची बेरीज करत जाणारी फिबोनाचीची माळ आठवते? त्यातला आकडा मैल धरला तर पुढचा साधारण किलोमीटर. पाच मैल आठ किलोमीटर, आठ मैल तेरा, तेरा मैल एकवीस. चढावर एवढंच गणित झेपतं.

बाबा नाशिकहून स्ट्राव्हावर, म्हणजे राइड नोंदवायच्या ॲपवर, माझ्या राइड बघतात. त्यांचं सेटिंग किलोमीटरचं, त्यामुळे माझे चाळीस मैल त्यांना आपोआप चौसष्ट किलोमीटर दिसतात. ते खूश, मीही खूश.

पण खरा फरक वेगात आहे. नाशिकला मित्रांची हौस ताशी ३० सरासरीची. इथे सगळे ताशी २० मैलांच्या मागे. तीस किलोमीटर म्हणजे १८.६ मैल आणि वीस मैल म्हणजे ३२.२ किलोमीटर. ताकद तीच, पण गोल आकडा दोन किलोमीटरने पुढे सरकलेला. सुटीत नाशिकला आलो की त्र्यंबक रोडला मी तिशी गाठतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. इथे त्याच वेगाला कुणी विचारत नाही.

टायर-ट्यूबवाला

माझं सायकलचं दुकान आहे, म्हणून अंतराचं सोडून चाकाचं सांगतो. घरात मैल लावा नाहीतर कोस लावा, माझ्याकडे येताना मात्र टायरचा फोटो आणा.

‘अठ्ठावीसचा टायर द्या’ म्हणून माणूस येतो. जुनी काळी सायकल, २८ × १½, तिच्या रिमचा मेट्रिक आकडा ६३५ मिलिमीटर. आता हायब्रिडवर ७००सी असतं, त्यालाही लोक अठ्ठावीसच म्हणतात, पण त्याचा आकडा ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक. एकाचा टायर दुसऱ्यावर जन्मात बसत नाही. उलट एमटीबीचं (डोंगरी सायकलचं) २९ आणि हे ७००सी, दोन्हींचा आकडा ६२२ असतो! साडेसत्तावीस म्हणजे ५८४. सव्वीस एमटीबीचं असेल तर ५५९, २६ × १⅜ असेल तर ५९०. म्हणजे इंचाचा आकडा नुसता नावाला. टायरच्या कडेला ३७-६२२ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पहिला आकडा रुंदी, दुसरा रिम. तेवढंच खरं माना.

हवा मात्र सगळे पीएसआयमध्येच मागतात. क्वचित कुणी ‘पाच बार’ म्हणतो. एक बार साडेचौदा पीएसआय, म्हणजे पाचचे बहात्तर. पंपाच्या काट्यावर दोन्ही छापलेलं असतं, वाद घालू नका.

वायरचा मीटर बसवणाऱ्यांसाठी: मैल ठेवा की किलोमीटर, चाकाचा घेर त्यात मिलिमीटरमध्येच भरावा लागतो. ७०० × २५ला २१०५, ७०० × ३८ला २१८०. टायर जाड घातला आणि आकडा जुनाच राहिला, तर शंभर किलोमीटरला साडेतीनच्या आसपास कमी दाखवतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, मीटर खराब आहे.

गडावरचा

मी अंतर किलोमीटरमध्ये आणि चढ फुटांत ठेवतो. स्ट्राव्हात अशी खिचडी जमत नाही, तिथे एक तर सगळं मेट्रिक नाहीतर सगळं मैल-फूट. गार्मिनच्या सायकल मीटरवर उंचीचं सेटिंग वेगळं करता येतं. कारण सांगू का? मी आधी ट्रेकर आहे. साल्हेर ५१४१ फूट, कळसूबाई ५४००, असंच पाठ. साल्हेरचे १५६७ मीटर ऐकले की तो दुसराच कुठलातरी डोंगर वाटतो.

आणि खरं सांगायचं तर वणीचा गड चढून आल्यावर फुटांचा आकडा भरगच्च दिसतो. मीटरमध्ये तोच घाम एक तृतीयांश होतो. एवढा स्वार्थ चालायचा.

दोनशेवाली

गडकर, मग मिलिमीटर लावा. लाखाच्या घरात जाल.

पंचवटीतून

आमच्या घरात मैलांचा शिरकाव झाला तो २०१५च्या जूनमध्ये. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन, आपले नाशिकचे भाऊ, रेस अक्रॉस अमेरिका या सायकल शर्यतीला उतरले होते. ओशनसाइड ते ॲनापोलिस, तीन हजार मैल, दोघांच्या टीमला मुदत नऊ दिवस. वेबसाइटवर सगळं मैलांत. आई रोज सकाळी वहीत १.६ने गुणून लिहायची आणि दुपारी भिशीत जाहीर करायची. ‘अजून बाराशे मैल’ म्हटलं की बायका म्हणायच्या, आलेच की. ‘एकोणीसशे किलोमीटर’ म्हटलं की सगळ्या गप्प. म्हणून ती चांगली बातमी मैलांत द्यायची आणि नवस बोलायची वेळ आली की किलोमीटरमध्ये. दोघांनी ८ दिवस १४ तासांत शर्यत संपवली. २०१७मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ एकट्याने उतरले आणि बारा दिवसांच्या मुदतीत ती पुरी करणारे पहिले भारतीय ठरले, तेव्हा वही पुन्हा निघाली.

मी स्वतः सोमेश्वरच्या पुढे सायकल नेलेली नाही. पण १.६चा पाढा विचारा.

धागाकर्ता

भारी चाललंय. टायरवाल्या दादांचं सगळं मी उतरवून घेतलं.

आता मैलवाल्या मित्राचा प्रश्न मांडतो. शंभर मैल म्हणजे १६१ किलोमीटर. कॉलनीत चकरा न मारता नाशिकहून हा आकडा कुठे जाऊन बसतो? इगतपुरी जाऊन-येऊन नव्वदच्या थोडं पुढे. शिर्डी एका बाजूने नव्वदच्या घरात, म्हणजे येऊन-जाऊन जास्तच होतं.

दोनशेवाली

सापुतारा. दिंडोरी, वणी, तिथून पुढे सरळ. एका बाजूने साधारण ऐंशी. जाऊन आलात की शंभर मैलांच्या आसपास आपोआप येता, फार तर गावात शिरताना थोडं वाकडं जा. पण लक्षात ठेवा, शेवटचा घाट जातानाच आहे, आणि येताना वणीनंतर उन्हात वारा समोरून असेल तर दिंडोरी सरता सरत नाही. पहाटे साडेचारला निघा. दोन ट्यूब ठेवा, आकडा बघून घ्या, वर काय लिहिलंय ते माहीतच आहे.

जर्सीतला नाशिककर

डिसेंबरात येतोय. मला धरा. पण मी मैलांतच मोजणार.

ओझरचा जुना

वडिलांच्या हिशेबाने सापुतारा पन्नास मैल. चहाला वणीत थांबा. नातू येईल म्हणतोय.