अनुभव धागा : परदेशी मिशन ट्रिपला गेला आहात? किंवा कुणी तुमच्याकडे आलंय?

रंकाळ्याचा वारा

सलाम मंडळी. दिवाळीच्या सुटीत आमच्या चर्चचा तरुण संघ मिशन ट्रिपला, म्हणजे चर्चतर्फे सेवेच्या आणि धर्माच्या कामाला, नेपाळला जायचं म्हणतोय. कमिटीत विषय निघाला आणि सरळ दोन तट पडले. एक बाजू म्हणते, प्रभूनं दार उघडलंय, चला. दुसरी म्हणते, एवढा खर्च करून आठवडाभरात तुम्ही तिथं काय दिवे लावणार? मी सेक्रेटरी, त्यामुळं दोघंही मलाच धरतात.

आपण कोल्हापूरकर तसे या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाचे. १८५२ साली मिशनरी रॉयल वाइल्डर अमेरिकेतून इथं आले, तेव्हापासून ‘बाहेरून आलेले’ पाहण्याची आपल्याला सवय. आता आपण बाहेर जाणार! म्हणून गेलेल्यांनी लिहा आणि ज्यांच्या दारात असे गट आले त्यांनी तर नक्कीच लिहा. कुणी बोलावलं होतं, हातानं काय काम केलं, पैसे कुठून आणले, हे हवंय. प्रवचन रविवारी ऐकतोच.

उद्यमनगरी

मी वेल्डर, उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. २०१५ च्या भूकंपानंतर गेलो होतो. तो भूकंप २५ एप्रिलला झाला, शनिवारी, दुपारी बाराच्या आत-बाहेर. नेपाळात सुटी शनिवारची, म्हणून उपासनाही शनिवारीच. जमीन हलली तेव्हा कितीतरी माणसं चर्चमध्येच होती आणि काही जणांवर तेच छप्पर आलं. हे मला तिथं गेल्यावर कळलं. पेपरात वाचलं नव्हतं.

आमच्या पाळकसाहेबांची (चर्चचे धर्मगुरू) तिकडच्या एका पाळकांशी जुनी ओळख. फोनवर त्यांनी साफ सांगितलं, बोलणारे भरपूर येतायत, पत्रा कापणारा असला तर पाठवा. म्हणून माझा नंबर लागला. नाहीतर मला कोण नेतंय? चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव सांगायला, उभा राहिलो की माझी बोबडी वळते. आम्ही निघायच्या तयारीत आणि १२ मेला परत मोठा धक्का. आईनं बॅगच लपवून ठेवली. तरी गेलो. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई, कुशीनगर एक्स्प्रेसनं गोरखपूर, जीपनं सीमेवरचं सोनौली, पुढं बस, आणि शेवटी सिंधुपाल्चोक जिल्ह्यात चालत.

माझं मशीन नेलं नव्हतं ते बरंच झालं, कारण वीजच नव्हती. पावसाळा तोंडावर, लोक ताडपत्रीखाली. मग बांबू वाकवून कमानी करायच्या, वर पत्रा, नट-बोल्ट आणि तारेनं आवळायचं. बांबूचं काम तिथल्या सुतारांनी आम्हाला शिकवलं. पत्रा कापणं, भोकं पाडणं, कडा मोडून घेणं आमच्याकडं. वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून कुठं आणि किती बांधायचं यावर माझी त्यांच्याशी रोज हुज्जत व्हायची. बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघायचं, वारा त्यांचा हो.

कुणाचं घर आधी, हे तिथल्या वॉर्डातली माणसं ठरवायची. आम्ही हातोडी घेऊन मागं. संध्याकाळी गाणी व्हायची, आमच्यातल्या एकानं ढोलकी नेली होती. एवढंच काय ते ‘मिशन’.

करवीर कट्टा

मी ख्रिस्ती नाही, पण धागा वाचतोय. एक विचारू? राग मानू नका. माणूस उघड्यावर पडलेला असताना एका हातानं पत्रा द्यायचा आणि दुसऱ्या हातानं पुस्तक, हे मला तरी पटत नाही. आणि नेपाळात कायदाही आहे ना याला?

सोनौलीमार्गे

करवीर कट्टा, राग कसला. प्रश्न आमच्यातही होतो, फक्त कमिटीच्या मिनिटांत येत नाही.

कायदा आहे आणि कडक आहे. २०१५ च्या संविधानात कलम २६ मध्ये स्वतःचा धर्म पाळायला मोकळीक आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई. पुढं नवीन फौजदारी संहिता ऑगस्ट २०१८ पासून लागू झाली. तिच्या कलम १५८ प्रमाणं पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. परदेशी माणूस असेल तर शिक्षेनंतर देशाबाहेर. भारतीयाला व्हिसा लागत नाही म्हणून काही पोरांना ते इथं जवळच्या गारगोटी गावाला गेल्यासारखंच वाटतं, त्यांना हे आधी बसवून सांगा. तुम्ही दोन पत्रकं वाटून परत याल, चौकशी मात्र तिथल्या पाळकाच्या दारात जाईल.

आम्ही गेलो ते संडे स्कूलच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या बायबल-वर्गाच्या, शिक्षकांसाठी. त्यांनी स्वतः मागणी केली होती : गोष्ट कशी सांगायची, फळा नसताना काय करायचं, वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र कशी सांभाळायची. सगळं चर्चच्या आत, त्यांच्याच माणसांसाठी. हिंदीवर काम भागलं.

बारीकसारीक : विमानानं जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसांना आधार चालत नाही. आम्ही गेलो तेव्हा शंभराच्या वरची भारतीय नोट तिकडं घेत नव्हते. हे नियम बदलतात, निघायच्या आठवड्यात खात्री करा. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं. आणि आम्ही गेलो तेव्हा रविवार हा तिथं कामाचा दिवस होता. ‘रविवारी उपासना घेऊ’ असं वेळापत्रक छापून नेऊ नका. एका गटाचं तसं छापलेलं मी पाहिलंय.

मिरजेची सिस्टर

मी केनियाला गेले होते, किसुमूच्या बाजूला, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाकडं. शिक्षण मिरजेचं, नोकरी कोल्हापुरात. आमच्या गटात डॉक्टर, नर्स आणि एक फार्मासिस्ट.

आधी कागदांचं. पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी घ्यायची, ती ठरावीक केंद्रांवरच मिळते. एकदा घेतली की कार्ड आता जन्मभर चालतं. ते कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर तुम्हाला अलग ठेवू शकतात. तो भाग मलेरियाचा, म्हणून त्याच्या गोळ्या जाण्याआधीपासून. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपलं इथलं रजिस्ट्रेशन तिथं चालत नाही. त्यांच्या कौन्सिलची तात्पुरती परवानगी लागते. माझी परवानगी उशिरा आली, तोवर मी केसपेपर लिहिले आणि वजनं घेतली. काही जण म्हणाले, एवढं कोण बघतंय. अहो, आपल्याकडं एखादी परदेशी नर्स अशीच येऊन सुई टोचू लागली तर चालेल का आपल्याला?

तिथं बहुतेक पेशंट क्लिनिकल ऑफिसर बघतात. हे एमबीबीएस नसतात, त्यांचा वेगळा तीन वर्षांचा डिप्लोमा असतो. आमच्या डॉक्टरांना पहिल्या दिवशी ते जरा खटकलं. दुसऱ्या दिवशी तापाच्या पोरांची रांग त्या माणसानं ज्या सफाईनं हातावेगळी केली, ते बघून आमचे डॉक्टर खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.

खरी अडचण गोळ्यांची. कॅम्पमध्ये बीपी, शुगर निघतेच. आम्ही महिन्याची गोळी देणार, मग? तिथल्या सिस्टरनं एका म्हातारीकडं बोट दाखवून विचारलं, तुम्ही गेल्यावर हिला ही गोळी कोण देणार? आमच्या बॅगेतला ब्रँड तिथं मिळतच नव्हता. त्या दिवसापासून त्यांच्या दवाखान्यात कायम मिळणारी औषधंच लिहायची असं ठरलं आणि आमच्या गोळ्यांची अर्धी बॅग तशीच पडून राहिली. ती परत आणायलाही कटकट, तिथं ठेवायलाही कागद. औषधं नेणार असाल तर यादी आधी पाठवा, परवानगी घ्या, किंवा सरळ तिथंच विकत घ्या.

उपासना मात्र विचारू नका! दुपार उलटली तरी कुणी घड्याळाकडं बघत नाही. ‘ब्वाना असिफिवे’ (स्वाहिलीत ‘प्रभूची स्तुती असो’) म्हटलं की अख्खं चर्च ‘आमेन’ म्हणतं. आम्ही टाळ घेऊन एक मराठी भजन म्हटलं तर बायका उठून नाचायला लागल्या. आमच्या ग्रुपमधल्या दोन काकू, ज्या इथं टाळीसुद्धा मोजून वाजवतात, त्याही. फोटो आहेत, पण काकूंनी शपथ घातलीय.

शिरोळकर

मी कुठंच गेलो नाही. २०१९ च्या ऑगस्टात पूर आमच्याकडं आला, तवा मी घेणाऱ्यांच्या रांगेत हुतो. लोकांनी लय केलं, उपकार हाईत, नाय म्हणत नाय. पण जुन्या कपड्यांचा ढीग शाळेच्या व्हरांड्यात कुजला. आम्हाला पायजे हुती फिनेल, खराटं, गुरांना वैरण. एक गट आला, गाडीतनं उतरायच्या आधी विचारलं, “काय पायजे?” आम्ही म्हटलं चिखल काढायला माणसं. ती पोरं दिसभर घमेली वाहत हुती. कुठल्या जातीची, कुठल्या धर्माची, अजून ठावं नाय. नेपाळला जावा न्हाईतर अमेरिकेला जावा, फोन करून इचारून जावा म्हणजे झालं.

आकडेमोड

फक्त पैशांबद्दल. मंडळीचा, म्हणजे चर्चचा, ट्रस्ट असेल तर ट्रस्टच्या खात्यातून परदेशातल्या कामावर खर्च टाकण्याआधी तुमच्या सीएशी बोला. भारताबाहेर केलेल्या खर्चाला आयकरातली सूट सहसा मिळत नाही, त्यासाठी वेगळी मंजुरी लागते. जाणाऱ्यांनी आपापला खर्च स्वतः उचलणं सगळ्यात सुटसुटीत.

गुळाची ढेप

आमच्या घरी एका वर्षी परदेशी पाहुणे होते, कॉलेजची मुलं. मुलं गोड, हसरी, पांढऱ्या रश्श्यावर तुटून पडणारी. तांबड्याची वाटी मी स्वतःच लांब ठेवली. त्यांना बालवाडीची भिंत रंगवायची होती. भिंत मागच्याच वर्षी दुसऱ्या गटानं रंगवली होती. आमचे सासरे म्हणाले, असू दे, पोरांची हौस आहे. रंगवली. हत्तीच्या जागी जिराफ आला.

परदेशी माणूस घरी राहिला की चोवीस तासांत सरकारला त्याची माहिती देणारा फॉर्म भरावा लागतो (तेव्हा त्याला सी फॉर्म म्हणायचे), हे मला तेव्हा कळलं. आणि टुरिस्ट व्हिसावर इथं प्रचार करता येत नाही, म्हणून पाळकसाहेबांनी त्यांना प्रवचनाच्या पुलपिटवर जाऊच दिलं नाही. मुलं हिरमुसली. तुमची पोरंही तिकडं हिरमुसतील, तयारी ठेवा.

दुबईकर कागलचा

आखातात येणार असाल तर दोनच गोष्टी. चर्चच्या आवारात मनसोक्त गा, मराठी उपासनेला माणसं आतुर असतात. आवाराबाहेर पत्रक नाही, प्रचार नाही. आणि यूएईत परवान्याशिवाय देणगी गोळा करणं गुन्हा आहे, तेव्हा ‘आमच्या चर्चच्या छपरासाठी’ म्हणून टोपी फिरवू नका. आमची मात्र पंचाईत होते. येताना भडंग आणा.

पेन्शनर

वाइल्डरांचा उल्लेख झाला म्हणून. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथं कोल्हापुरात जन्मला. पुढं १८८६ साली अमेरिकेत माउंट हर्मन इथं विद्यार्थ्यांचं शिबिर झालं, तिथं शंभर जणांनी परदेशी मिशनला जायची तयारी दाखवली. त्यामागं हा आपला कोल्हापूरचा पोरगा होता. त्यातून स्टुडंट व्हॉलंटिअर चळवळ उभी राहिली आणि हजारोंनी ‘परदेशी मिशनला जाऊ’ अशा प्रतिज्ञेवर सह्या केल्या.

पण ती सही आयुष्याची असायची. मिरजेचे डॉक्टर वानलेस १८८९ ला आले ते १९२८ पर्यंत राहिले. आठवड्याच्या सहलीला मिशन म्हणू नका, एवढीच माझी विनंती. भेट म्हणा, बघायला गेलो म्हणा. त्यात कमीपणा नाही.

कसबा बावडा

पेन्शनर काका, आमच्यात याच मुद्द्यावर एकदा वेगळं करून बघितलं. मुलांना पाठवायच्या ऐवजी नेपाळातल्या दोन संडे स्कूल शिक्षिकांना इकडं बोलवलं. खर्च एका गटाच्या मानानं अगदीच किरकोळ. त्यांनी आमच्या मुलांना मादल या नेपाळी ढोलकीवर गाणी शिकवली, आमच्या शिक्षकांचे वर्ग बघितले, आणि बांधून ठेवलेले धड्यांचे तक्ते झेरॉक्स करून नेले. एकीला कुस्ती बघायची होती, तिला खासबागेत नेली.

काम म्हणून विचाराल तर आधीच्या कुठल्याही ट्रिपपेक्षा चोख. पण वर्गणी निम्म्यावर आली. आपला नातू परदेशी जाऊन उभा राहिलेला बघायला लोक खिशात हात घालतात, दुसऱ्याची शिक्षिका इकडं येण्यासाठी नाही. यंदा पुन्हा मुलंच जाणार आहेत, तिकिटं काढून झालीत.