संपाची नोटीस द्यायची, पण घरात अगोट भरली आहे का?

शिफ्ट_बी (धागाकर्ता)
लोटे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत सोळा वर्षं ऑपरेटर आहे. पगारवाढीचा करार संपून चौदा महिने झाले. मागणीपत्र दिलं, बैठका झाल्या, पण "आधी प्रॉडक्शन वाढवून दाखवा" यापुढे व्यवस्थापन सरकत नाही. येत्या रविवारी युनियनच्या सभेत संपाच्या नोटिशीसाठी हात वर करायचे आहेत.

मागण्या रास्त आहेत, त्यावर वाद नाही. मला विचारायचंय ते घरातलं. आपल्याकडे कोकणात मिरगाआधी अगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरतात: सुकी मासळी, डाळी, मीठ, मिरची, लाकूडफाटा. पाऊस कसा लागेल हे कुणाला माहीत नसतं, तरी भरतातच. संपासाठी अशी अगोट कितीजणांनी भरली आहे?

काल रात्री बायकोबरोबर वही घेऊन बसलो. पतसंस्थेचा हप्ता पगारातूनच कापून हातात २६,४०० येतात. घराचा हप्ता ९,२००, मोटरसायकलचा २,७००, आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या १,४००, भिशी १,०००, मुलीच्या डिप्लोमाची फी वेगळी. बँकेत शिल्लक निघाली ३१,०००. म्हणजे एक महिना आणि वर चार-पाच दिवस. त्यानंतर बायकोच्या बांगड्या. तिने वही मिटली आणि काही न बोलता झोपायला गेली.

माझं मत: युनियनने आधी किमान तीन महिन्यांची सोय बघावी, मगच नोटीस द्यावी.

वाशिष्ठीकाठ
दादा, तुझी काळजी कळते, पण मत पटत नाही. तीन महिन्यांची शिल्लक बाजूला पडत असती तर पगारवाढ मागायची पाळीच का आली असती? शिल्लक साठेपर्यंत थांबायचं म्हटलं तर कधीच कुणी संप करणार नाही, आणि व्यवस्थापन नेमकं त्याच भरवशावर बसलेलं असतं.

माझे वडील परळला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पासबुक बघून कुणी निघालं नव्हतं. वडील खोलीला कुलूप लावून गावी आले. इथे भात होतं, नाचणी होती, एक म्हैस होती. आमच्यासारख्या कितीतरी घरांनी तो संप असा पोसला.

शिफ्ट_बी
भाऊ, पुढचंही सांग ना. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही आणि हजारो लोक पुन्हा कधी आत गेले नाहीत. माझे काका त्यातलेच. घरच्या भाताने पोट भरलं, पण मनीऑर्डर थांबली ती कायमची.

आणि आज भात कुठे आहे? माझ्या वाट्याला साडेचार गुंठे. पाच वर्षं नांगर लागलेला नाही, लावलं तर डुकरं आणि वानरं ठेवत नाहीत. तांदूळ रेशनचा, कमी पडला की दुकानातून.

चिपळूणची_वहिनी
आमचे हे एसटीत कंडक्टर. २०२१ च्या दिवाळीत एसटी सरकारात विलीन करा म्हणून संप सुरू झाला तेव्हा आठ दिवसांत मिटेल असं सगळेच म्हणत होते. हे कामावर गेले ते एप्रिल २०२२ मध्ये, हायकोर्टाने २२ तारखेपर्यंत हजर व्हा म्हटल्यावर.

तिसऱ्या महिन्यात वाण्याने उधारी बंद केली नाही, पण वहीच्या पानावर पेन्सिलीने बेरीज करून पान माझ्याकडे फिरवलं. बोलला काही नाही. त्या दिवसापासून मी दुकानात मुलाला पाठवायला लागले. मार्चमध्ये काजूच्या कारखान्यात बिया फोडायला गेले. तेल लागून बोटांची सालपटं निघाली, रात्री भाकरी थापता येत नव्हती.

मला सांगायचंय ते वेगळंच. सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्येच सेवेच्या वर्षांप्रमाणे मूळ वेतनात अडीच ते पाच हजारांची वाढ जाहीर केली होती. तिथे थांबायचं की पुढे ताणायचं, हे शांत डोक्याने ठरवायला हवं होतं. वाण्याची बाकी डोक्यावर असलेला माणूस शांत राहत नाही. काही घाबरून आत गेले, काही "इतकं सोसलंय तर आता कशाला मागे" म्हणून अडून बसले. दोघांनाही तंगीनेच ढकललं. पैसे गाठीला हवेत ते नुसतं टिकायला नव्हे, कुठे थांबायचं ते कळायलाही.

गुहागरी
वहिनी, तुमचा शब्द न् शब्द खरा. पण त्याच एसटीचा सप्टेंबर २०२४ बघा. ३ तारखेला संप सुरू, ७ तारखेला गणपती. चाकरमान्यांच्या गाड्या अडल्या आणि ४ तारखेला मूळ पगारात ६,५०० ची वाढ घेऊन संप मिटला. तिथे कुणाच्या घरची शिल्लक कामाला आली नाही, वेळ कामाला आली. कंपनीत ऑर्डर कधी भरात असते, गोदामात माल किती पडलाय, हे कामगारालाच माहीत असतं. अगोट कंपनीची मोजा.

मिरकरवाडा_खलाशी
अगोटीचं बोलताय म्हणून लिहितो. आमची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद. तारीख दरवर्षी ठाऊक, तरी मालकाकडून उचल घेऊनच घर चालतं, आणि ती फेडायला पुढचा हंगाम त्याच बोटीवर. संपाला तर १ ऑगस्ट नसतो. कर्ज काढून अगोट भरायची असेल तर भरू नका, एवढंच सांगेन.

हजेरीवाला
मी कंत्राटदाराकडे, लोट्यातच. तुमचा संप झाला की आमची हजेरी पहिल्या दिवसापासून बंद. नाहीतर आम्हाला आत घेऊन प्लँट चालवतात आणि गेटवर तुम्हीच गद्दार म्हणता. करार झाला की फरकाची रक्कम तुमची. या धाग्यावर तीन महिन्यांची चर्चा चाललीय, माझ्या घरी पंधरा दिवसांचीही सोय नाही. नोटिशीआधी आम्हाला कुणी विचारणार आहे का?

निवृत्त_फिटर
दोन-तीन संप पाहिलेत, म्हणून थोडं कामाचं. आता नव्या कायद्याने सगळ्याच कारखान्यांत १४ दिवसांची नोटीस लागते. समेटाची कार्यवाही चालू असेपर्यंत आणि त्यानंतर ७ दिवस संपावर जाता येत नाही. निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तरी तो संपच धरतात. पीएफवर विसंबू नका: पगार थकला तर अ‍ॅडव्हान्स मिळायचा, त्या जुन्या नियमातही "संप सोडून अन्य कारण" अशी अट होती. हजेरीवाल्या पोरांना ईएसआयमधून (कामगार विमा) आजारपणात बुडालेल्या पगाराचे पैसे मिळायचे तर सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी लागते. लांबलेल्या संपात ती हुकते.

सगळ्यात नाजूक जागा पतसंस्था. पगार नाही म्हणजे कपात नाही, की जामीनदाराला पत्र. जामीनदार शेजारच्या मशीनवरचा, तोही संपात. आमच्या वेळी एकी फुटली ती व्यवस्थापनामुळे नाही, या पत्रांमुळे.

वाशिष्ठीकाठ
मग संपनिधी काढा. युनियनच्या निधीतून संपात बुडालेल्या पगाराची भरपाई देता येते, हे १९२६ च्या कायद्यातच होतं.

शिफ्ट_बी
हिशेब केला, भाऊ. तीनशे जण, महिना दोनशे रुपये: वर्षाला ७,२०,०००. वाटले तर माणशी २,४००.

चिपळूणची_वहिनी
सगळ्यांना वाटू नका, भावजी. ज्याच्या घरी दवाखाना आहे त्याला द्या, आणि या हजेरीवाल्या भावासारख्यांना तांदूळ द्या. आमच्या वेळी डेपोत कुणी असं मोजलंच नाही. ज्याची ओळख त्याला मदत मिळाली.

वाशिष्ठीकाठ
हे पटलं. पण नोटीस रविवारीच जाऊ दे. निधीसाठी वर्षभर थांबलो तर करार आणखी वर्षभर लांबेल.

शिफ्ट_बी
रविवारी दोन गोष्टी मांडणार. पतसंस्थेच्या संचालकांकडून आधी लेखी घ्यायचं, की संपाच्या काळात जामीनदाराला पत्र जाणार नाही. आणि निधीतून पहिली मदत कंत्राटी पोरांना. हे दोन्ही झालं तर तीन महिन्यांचा हट्ट सोडतो आणि हात वर करतो. झालं नाही तर नाही करणार, मग कुणी काही म्हणो.

आज ड्युटीवरून येताना आईच्या गोळ्या दोन महिन्यांच्या घेऊन आलो.