शब्दचर्चा: शस्त्रव्यापारातल्या ‘डायव्हर्जन’ला काय म्हणावं?

प्रश्न: संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्र व्यापार करारावर लेख लिहितोय. त्यातलं ११वं कलम ‘डायव्हर्जन’बद्दल आहे, म्हणजे एकाच्या नावावर निघालेली शस्त्रं भलत्याच्याच हाती पडणं. ‘विचलन’ चालेल का? आणि ‘एंड यूजर सर्टिफिकेट’चं काय करावं?

प्रतिसाद: ‘विचलन’ संख्याशास्त्रात ठीक. इथे ‘गळती’ घ्या, रेशनच्या धान्याची गळती आपण म्हणतोच.

प्रतिसाद: ‘गळती’ला माझा ठाम विरोध आहे. गळती आपोआप होते, तिथे कोणी केली असं विचारायला जागाच राहत नाही. पुरुलियाचं प्रकरण आठवा. १७ डिसेंबर १९९५च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या त्या जिल्ह्यात अँतोनोव्ह विमानातून शेकडो एके-४७ आणि ढीगभर काडतुसं पॅराशूटने टाकली गेली. सकाळी गावकऱ्यांना शेतात बंदुका सापडल्या. माल चढवला होता बल्गेरियात आणि कागदोपत्री गिऱ्हाईक होतं बांगलादेश! काही दिवसांनी परतीच्या वाटेवर तेच विमान मुंबईत उतरवलं गेलं. ब्रिटिश शस्त्रविक्रेता पीटर ब्लीच आणि विमानाचे कर्मचारी पकडले गेले, कटाचा सूत्रधार मानला जाणारा किम डेव्ही मात्र विमानतळावरून निसटला. यात कुठे काही गळलं? पैसे मोजणारे, कागद रंगवणारे, विमान उडवणारे, सगळी हाडामांसाची माणसं. ‘शस्त्रं परस्पर वळवली’ असंच लिहा. धन्याला अंधारात ठेवून केलेला व्यवहार ‘परस्पर’ या एका शब्दात येतो.

‘एंड यूजर’चा तो कागद म्हणजे घेणाऱ्या सरकारने दिलेला शब्द असतो: माल आम्हीच वापरू, तुमच्या परवानगीशिवाय पुढे विकणार नाही. प्रमाणपत्र म्हटलं की खातरजमा झाली असं वाटतं. म्हणून ‘अंतिम वापराचं हमीपत्र’. हमी मोडता येते, खोटीही देता येते, हे वाचकाला सांगावं लागत नाही.

प्रश्नकर्ता: दोन्ही घेतो. ‘ब्रोकरिंग’ला ‘दलाली’ लिहिलंय, पण बोफोर्सपासून दलाली म्हणजे लाच असंच डोक्यात बसलंय.

प्रतिसाद: तरीही दलालीच ठेवा. ‘मध्यस्थी’ लिहिलंत तर कोणी भांडण मिटवतोय असं वाटेल. फक्त पहिल्यांदा शब्द येईल तिथे सांगा की करार दलालीला गुन्हा मानत नाही. दलालांची नोंदणी, लेखी परवानगी अशा उपायांनी तिच्यावर नियंत्रण ठेवा, एवढंच १०वं कलम सांगतं.

प्रतिसाद: तुमच्या लेखाच्या मसुद्यातलं आणखी एक वाक्य खटकलं: ‘२ एप्रिल २०१३च्या मतदानात भारत तटस्थ राहिला.’ आमसभेत या कराराच्या बाजूने १५४ देश, ३ विरोधात आणि भारतासह २३ जणांनी कौल दिला नाही, हे खरं. पण तटस्थ म्हणजे काठावर बसलेला. भारताचं म्हणणं चांगलं रोखठोक होतं: निर्यातदार आणि आयातदारांच्या जबाबदाऱ्यांचा तोल नाही, आणि दहशतवाद्यांच्या हाती शस्त्रं जाण्याबाबत कराराचा मसुदा कमजोर आहे. पुरुलिया भोगलेल्या देशाचा हा आक्षेप ‘तटस्थ’ या शब्दाखाली गाडला जातो. ‘भारताने बाजूने वा विरोधात मत दिलं नाही’ असं लिहा आणि लगेच पुढच्या वाक्यात कारणं द्या.