बाल्डर्स गेट ३ टेबलावरच्या नियमांनी खेळायचाय, मदत हवी आहे

मंडळी,

आमच्या ग्रुपचं डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा भूमिकाखेळ) २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांनी चालतं. बाल्डर्स गेट ३ हा व्हिडिओ गेमही त्याच नियमांवर बेतलाय म्हणून घेतला. गेम झकास आहे, वादच नाही. पण गेम बनवणाऱ्या लारियनने नियम इतके सैल सोडलेत की आमच्या डीएमने (टेबलावर खेळ चालवणाऱ्याने) बघितलं तर कपाळाला हात लावेल.

धक्क्याचंच बघा. टेबलावर 'शव्ह' केलं की एक हल्ला खर्ची पडतो आणि समोरचा जेमतेम पाच फूट सरकतो. इथे ते बोनस अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे हल्ल्याशिवायच्या जादा छोट्या कृतीत! मिंथारा ही शत्रू दरीच्या कडेला उभी होती. माझ्या पार्टीतल्या लेझेलने आधी तलवारीचे वार केले, वर त्याच टर्नमध्ये ढकलून दिलं. बाईसाहेब थेट खाली. हसू आलं, पण ही काय लढाई झाली?

हेस्ट या वेग वाढवणाऱ्या स्पेलची (मंत्राची) तीच गत. पाचव्या लेव्हलच्या फायटरला टेबलावर तीन हल्ले मिळतात, इथे चार. कुठलाही स्क्रोल (स्पेलची गुंडाळी) कुणीही वाचतो. डीसी १० च्या (फासा आणि बोनस मिळून किमान १० लागणाऱ्या) कुलुपाला सोबती अ‍ॅस्टारियनचा बोनस +९ असला तरी फाशावर १ पडला की फसलंच. टेबलावर हा नियम फक्त हल्ल्याच्या फाशाला आहे.

काही गोष्टी मी मनानेच पाळतोय: पोशन प्यायलं की त्या टर्नला हल्ला नाही, स्क्रोल ज्याच्या क्लासचा (पात्राच्या पेशाचा) त्यानेच वाचायचा, बोनस अ‍ॅक्शनने स्पेल टाकला तर सोबत फक्त कँट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा साधा स्पेल).

अडलंय ते लाँग रेस्टवर, म्हणजे कॅम्पमधल्या रात्रीच्या झोपेवर. इथे एका दिवसात कितीही वेळा झोपता येतं, त्यामुळे विझार्डला स्लॉट (स्पेल टाकायचा मोजका साठा, झोपेने परत भरणारा) जपून वापरायची गरजच उरत नाही. बरं, झोप कमी करावी तर सोबत्यांचे कॅम्पमधले प्रसंग हुकतात, आणि गेमचा अर्धा जीव त्यातच आहे. यातून मार्ग काय? आणि डॉज (वार चुकवणं), रेडी (कृती योग्य वेळेसाठी राखून ठेवणं) या अ‍ॅक्शन गेममध्ये नाहीतच, त्यासाठी मॉड (खेळाडूंनी बनवलेला बदल) लावावा का?

प्रतिसाद

आधी ऑप्शन्समध्ये जाऊन कार्मिक डाइस (सलग चांगले-वाईट फासे टाळणारी सोय) बंद करा. ते चालू असताना फासे खरे पडतच नाहीत.

हेस्टचा इलाज ऑनर मोडमध्ये (सर्वांत कठीण पातळीत) आहे, तिथे जादा अ‍ॅक्शनला एकच हल्ला मिळतो. कस्टम मोडमध्ये डीसी आणि शत्रूची हेल्थ लपवता येते. हे जरूर करा, आकडा दिसेनासा झाला की डीएम समोर बसल्यासारखं वाटतं.

झोपेचं म्हणाल तर कॅम्पमध्ये काही न खाता झोपा. अर्धवट विश्रांती मिळते, हिट पॉइंट आणि स्लॉट निम्मेच भरतात, पण प्रसंग घडतात. पूर्ण झोप मोठी मोहीम संपल्यावरच.

डॉज-रेडीसाठी मॉड शोधत बसण्यापेक्षा 'सोलास्टा' हा दुसरा गेम खेळा. दिसायला साधा आहे, पण या दोन्ही अ‍ॅक्शन त्यात आहेत आणि नियमांना तो जास्त धरून आहे. कथेत मात्र बाल्डर्सची सर नाही.

धागाकर्ता

न खाता झोपायचं डोक्यातच आलं नव्हतं, आभार! ऑनर मोडमध्ये एकच सेव्ह असतो ना? अख्खी पार्टी मेली तर पुढे काय, तेवढं सांगा.

प्रतिसाद

ऑनर मोड बंद करून तोच खेळ पुढे चालू ठेवता येतो. सोनेरी फासे (ऑनर मोड जिंकल्याचं बक्षीस) मात्र मिळत नाहीत.